घंटा वाजल्यानंतर

आपल्या वस्त्यांतले शिवणकारखाने पाहताना मला दोन आगी आठवतात. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात आठव्या मजल्यावर आग लागली. दहाव्या मजल्याला फोन गेला. नवव्याला कुणीच कळवले नाही. १४६ जीव गेले. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळच्या ताझरीन फॅशन्समध्ये घंटा वाजली. पण वाचलेले कामगार सांगतात, वरिष्ठांनी त्यांना पुन्हा मशीनवर बसवले. शंभराहून अधिक माणसे मेली.

छोट्या कारखान्याला परवडणाऱ्या साध्या फायर अलार्ममध्ये जागेचे विभाग पाडतात. पॅनेलवर विभागाचा दिवा लागतो, आगीची नेमकी जागा कळत नाही. म्हणून आधी माणसे बाहेर, शोध नंतर. कारागिराचा जीव ही मालकाकडची अमानत आहे. माल नंतरही मोजता येतो.