विंचवाचे विष, माणसाचे ॲड्रिनलिन

संत एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात दंश झालेल्याला घाम सुटतो. रूपक कामक्रोधाचे; पण लक्षण तंतोतंत खरे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशात दरदरून सुटणारा घाम ही हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची वर्दी असते. वैद्यकाने ती नीट वाचली मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले. (तेव्हाचा जिल्हा कुलाबा, ‘रायगड’ हे नाव १९८१ चे.) विंचू चावलेली धडधाकट माणसे, लहान मुले फुप्फुसांत पाणी साठून दगावत होती. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, उलट्या, घाम, गार पडणारे हातपाय टिपत राहिले. या पूर्वलक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला.

या विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडेच राहतात आणि शरीर स्वतःचेच ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन रक्तात ओतू लागते. ॲड्रिनलिन हृदयपेशीच्या आत शिरत नाही, केवळ दार ठोठावते. त्यासरशी आतले एक विकर, म्हणजे एन्झाइम, सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू बनवते; तो दुसऱ्या विकराला चेतवतो, कॅल्शियमचा ओघ वाढतो आणि स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. हा निरोप्या अमेरिकेतील अर्ल सदरलँड यांना सापडला तो यकृतातील साखरेचा माग काढताना. १९७१ चे नोबेल त्यांना संप्रेरकांच्या याच कार्यपद्धतीच्या उलगड्यासाठी मिळाले.

संकटात पळण्यापुरते हे बळ उपकारक असते. विंचूदंशात मात्र तोच मारा थांबत नाही, शिवाय रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. हृदयाला मागून चाबूक आणि पुढे वाट बंद! थकलेल्या हृदयामागे रक्त तुंबते, फुप्फुसे पाण्याने भरतात.

बावस्करांनी ही बंद वाटच मोकळी करायचे ठरवले. प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी. ती रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राही अडवते. १९८६ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी तिचे परिणाम ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. पुढे हे प्रमाण दोन-चार टक्क्यांवर आले. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसलेल्या तालुक्याच्या गावात हे घडले, हे मला गोळीइतकेच महत्त्वाचे वाटते.

२०११ मध्ये महाडच्याच ७० रुग्णांवरील चाचणी ‘बीएमजे’त आली: गोळीच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो.