ग्राफिक्स कार्ड व मुक्त परिचालन प्रणाली
संगणकातील माहितीचे पडद्यावरील चित्रात रूपांतर करणाऱ्या मंडलपट्टीस ग्राफिक्स कार्ड म्हणतात. लिनक्ससारख्या, मूळ आज्ञावली सर्वांस खुली असलेल्या प्रणालीसाठी कार्ड निवडताना त्याच्या क्षमतेइतकेच, उत्पादकाने त्याची तांत्रिक माहिती कितपत खुली केली आहे यासही महत्त्व असते.

महाराष्ट्रात या प्रश्नाची पूर्वपीठिका देवनागरीच्या संगणकीकरणात आढळते. इंग्रजीसाठी घडविलेल्या आरंभीच्या वैयक्तिक संगणकांत जोडाक्षरे व मात्रा दाखविण्याची सोय नव्हती. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उगम पावलेले ‘जिस्ट’ तंत्र पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने पुढे नेले. जिस्ट कार्ड बसविले, की डॉस प्रणालीवरील मूळ इंग्रजी आज्ञावल्यांतही मराठी मजकूर लिहिता येई. मात्र लिपीचे ज्ञान कार्डात बंदिस्त असल्याने, कार्ड काढले की ती सोयही जाई.

१९९१ मध्ये युनिकोड संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती निघून तीत देवनागरीस स्थान मिळाले. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभाही त्याच वर्षी प्रसिद्ध केला. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली दिले. अशा रीतीने लिपी कार्डातून आज्ञावलीत आली.

कार्ड व प्रणाली यांना जोडणारा ड्रायव्हर मात्र अनेकदा बंदिस्तच राहिला. ए.एम.डी. कंपनीने २००७ मध्ये आपल्या कार्डांचे तांत्रिक तपशील प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. एनव्हिडियाच्या कार्डांचे वर्तन अभ्यासून स्वयंसेवकांनी तयार केलेला ‘नूवो’ ड्रायव्हर २०१० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. २०२२ मध्ये एनव्हिडियाने स्वतःच्या ड्रायव्हरचा गाभ्याशी निगडित भाग खुला केला. तथापि तो २०१८ मधील ट्युरिंग व त्यानंतरच्या पिढ्यांपुरताच आहे.

उत्पादकाने जुन्या कार्डाकडे लक्ष देणे थांबविले, की बंदिस्त ड्रायव्हर नव्या गाभ्याशी जुळेनासा होतो. खुला ड्रायव्हर इतरांनाही दुरुस्त करता येतो. परभणीसारख्या जिल्ह्यातील एखाद्या शाळेस वा ग्रंथालयास एकच संगणक दीर्घकाळ वापरावयाचा असेल, तर हा भेद निर्णायक ठरतो. मजकूरलेखन व अध्यापन यांसाठी प्रक्रियकातील अंगभूत ग्राफिक्स सामान्यतः पुरेसे असते. त्रिमितीय आरेखनासारख्या कामांसाठी स्वतंत्र कार्ड घ्यावयाचे झाल्यास, त्याचा खुला ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट आहे काय, हे खरेदीपूर्वी पाहणे इष्ट असते.