शिमला आइस स्केटिंग रिंक
हिमाचल प्रदेशात शिमल्याच्या लक्कड बाजाराजवळील नैसर्गिक बर्फाचे क्रीडांगण, स्थापना १९२०. ब्लेसिंग्टन नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने टेनिस कोर्टवर पाणी गोठवून ते सुरू केले, असे सांगतात. हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. मोकळ्या जमिनीवर पाण्याचे थर देतात आणि रात्रीच्या थंडीत ते गोठू देतात. त्यासाठी आकाश निरभ्र लागते; ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात, आणि ज्या हिमवर्षावासाठी पर्यटक शिमल्याला येतात, तोच इथला पृष्ठभाग बिघडवतो. उन्हाने बर्फ मऊ पडत असल्याने सत्रे सकाळी व संध्याकाळी भरतात. सभासदांबरोबर पर्यटकांनाही स्केट भाड्याने मिळतात. आइस हॉकीही खेळली जाते. सौम्य हिवाळ्यांमुळे अलीकडे हंगाम आखडला आहे.