‘केगल करा’ म्हणणारे डॉक्टर आणि काटा दाखवणारे केगल

आज हेडफोन लावून ऐका, विषय जरा अवघडल्यासारखा आहे. शिंक आली, खोकला आला की थोडी लघवी निसटते. बाळंतपणानंतर कितीतरी बायकांना हे होतं. घरात कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘दोन मुलं झाली ना, आता चालायचंच!’ मला शोधायचं होतं की यावर व्यायाम हा उपाय आहे, असं डॉक्टरांना कधीपासून वाटायला लागलं.

तर चला, १९१२चं लंडन. सेंट थॉमस हॉस्पिटल. तेव्हा तिथे बाळंतिणीला कितीतरी दिवस पलंगावरून उठूच देत नसत. (आपला सव्वा महिना आठवला ना? पण आपल्याकडे निदान मालिश तरी होती.) तिथले प्रसूतितज्ज्ञ फेअरबेर्न यांनी मिनी रँडल यांना सांगितलं, या बायकांसाठी व्यायाम बसवा. रँडल नर्स होत्या, सुईण होत्या आणि मसाजही शिकलेल्या होत्या. पुढे १९३६ मध्ये त्यांनी मार्गारेट मॉरिस या नर्तिकेसोबत बाळंतपणाच्या आणि ऑपरेशननंतरच्या व्यायामांचं पुस्तक काढलं. सुईण आणि नर्तिका! मला ही जोडी भारीच आवडते.

मग येतात लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल. हो, रील्समधले ‘केगल’ ते हेच. १९४८च्या त्यांच्या लेखात व्यायामाबरोबर एक यंत्रही होतं, पेरिनिओमीटर. त्याचा एक भाग योनिमार्गात ठेवायचा, आणि बाहेर तबकडीवर काटा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बरोबर आवळले की काटा हलायचा. हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे आपण नेमकं काय आवळतोय हेच बाईला कळत नाही. काटा बघितला की कळायचं.

पण पुढे काय झालं? यंत्र मागे पडलं, नाव तेवढं राहिलं. दवाखान्यात ‘केगल करा हं’ म्हटलं की काम झालं!

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी हेच तपासून पाहिलं. ४७ बायकांना थोडक्यात तोंडी समजावलं आणि मग मोजलं. जेमतेम निम्म्यांना नीट जमलं. आणि साधारण चौथा हिस्सा बायका चक्क उलटा जोर लावत होत्या, म्हणजे गळणं वाढेल असा. माझ्या मते यात चूक बायकांची नाहीच. दोन वाक्यांत उरकणाऱ्यांची आहे.

इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेनं २००६च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं : खोकताना-शिंकताना लघवी गळत असेल, तर पहिला उपचार म्हणजे किमान ३ महिने, देखरेखीखाली, या स्नायूंचा व्यायाम. ‘देखरेखीखाली’ हा शब्द नीट ऐका. आई, ताई, मैत्रीण, कुणीही फिजिओथेरपिस्टकडे जाणार असेल तर तिला फोनवरच विचारायला सांगा : ‘तुम्ही नुसता व्यायाम सांगता, की तो बरोबर होतोय का हेही तपासता?’