उरलेल्या कणाचा इतिहास: बर्लिन ते खारघर

१/ शस्त्रक्रिया पार पडते, रुग्ण घरी जातो आणि काही वर्षांनी तेच अर्बुद पुन्हा डोके वर काढते. कवटीच्या तळाशी होणाऱ्या ‘कॉर्डोमा’ या दुर्मीळ विकाराचा इतिहास म्हणजे मागे उरलेल्या कणाचा इतिहास. त्यातील एक अध्याय रायगड जिल्ह्यात लिहिला जात आहे.

२/ १८५७ मध्ये रुडॉल्फ विर्खो यांनी कवटीच्या तळावरील बुळबुळीत गाठींचे वर्णन केले. त्यांना त्या कूर्चेतून उद्भवल्या असे वाटले. पुढच्याच वर्षी म्यूलर यांनी त्यांचा संबंध गर्भातील पृष्ठरज्जूशी जोडला. जन्मापूर्वी लोपणाऱ्या या रज्जूच्या काही पेशी मागे राहतात. क्वचित त्यांतूनच अर्बुद उद्भवते.

३/ ते वाढते सावकाश, पण वसते मर्मस्थानी. मागे मस्तिष्कस्तंभ, आसपास दृष्टिचेता आणि मेंदूच्या धमन्या. म्हणून शल्यविशारदाला अनेकदा हात आवरता घ्यावा लागतो.

४/ उरलेल्या पेशींसाठी किरणांची मोठी मात्रा लागते. मात्र क्ष-किरण अर्बुदापाशी थांबत नाहीत. पलीकडच्या निरोगी ऊतींतूनही जातात.

५/ १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी मार्ग सुचविला. प्रोटॉन आपली बहुतांश ऊर्जा प्रवासाच्या अखेरीस सोडून थांबतो. अणुबॉम्ब प्रकल्पात राबलेल्या भौतिकशास्त्रज्ञाचा हा विचार १९५४ मध्ये बर्कले येथे प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत पोहोचला.

६/ परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोग आणि अणुविज्ञान यांची ही सांगड पुढे खारघरला फळली: ११ मे २०२३ रोजी तेथील प्रोटॉन उपचार केंद्र राष्ट्राला अर्पण झाले. त्याआधी २०१९ पासून चेन्नईच्या खासगी रुग्णालयात ही सोय होती.

७/ हे उपचार आठवड्यातील पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. म्हणून अंतराला महत्त्व येते. पेण तालुक्यातील गडबच्या रुग्णाला महामार्गाने पनवेल गाठले की खारघर जवळच. परदेशाची वारी नको.

८/ तरीही हा विजयाचा इतिहास नव्हे. अर्बुद परतले, तर आधी दिलेल्या किरणांचा हिशेब ऊतींच्या खाती जमा असतो. दुसऱ्यांदा मात्रा देताना मस्तिष्कस्तंभाची सहनशक्ती आड येते. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा किरण की केवळ लक्ष ठेवणे, हा निर्णय प्रत्येक रुग्णागणिक वेगळा ठरतो. विर्खोंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला प्रश्न आज मिलिमीटरांत मोजता येतो. पुरता सुटलेला नाही.