अ‍ॅम्बेसेडरच्या भावकीतलं इंजिन लंडनहून मुंबईला आलं, आणि पुढे फक्त सहा मिनिटांनी रॅली हुकली

जुन्नर-आंबेगावात शर्यत म्हटलं की विषय बैलगाड्याचा. इथल्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे घोडी, मागे बैल आणि निकाल घड्याळाच्या हातात. शेजारी दुसरा गाडा पळत नसतो. ज्याची बारी कमी सेकंदात बसली, तो पुढे.

मोटारींची रॅलीही याच हिशोबावर चालते. रेसच्या ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि जो आधी पोहोचेल तो जिंकतो. रॅलीत गाड्या एकेक करून सुटतात आणि स्पर्धा असते ती वेळेशी. फरक एवढाच, की घाटातली बारी काही सेकंदांत संपते आणि रॅली कित्येक दिवस चालते. तीही साध्या रस्त्यांवर, धुळीत, चिखलात, डोंगरात.

अशीच एक रॅली डिसेंबर १९६८ मध्ये महाराष्ट्रातून गेली होती. तिचं नाव लंडन-सिडनी मॅरेथॉन.

ही रॅली सुरू का झाली?

१९६७ च्या शेवटी ब्रिटनची आर्थिक अवस्था बिकट होती. पौंडाचं अवमूल्यन झालं होतं, लोकांचा मूड खराब होता. 'डेली एक्स्प्रेस' या वृत्तपत्राचे मालक सर मॅक्स एटकन यांनी मित्रांसोबत जेवताना एक कल्पना मांडली. लोकांना उभारी येईल आणि ब्रिटिश गाड्यांचा दमही जगाला दिसेल, असं काहीतरी मोठं करायचं. त्यातून ठरलं, की लंडनहून निघायचं आणि सिडनीला पोहोचायचं. अंतर जवळपास १६,००० किलोमीटर, पहिलं बक्षीस १०,००० पौंड.

पण लंडन ते सिडनी सलग रस्ता नाही. मग तोडगा निघाला मुंबईचा. लंडन ते मुंबई रस्त्याने, मुंबई ते ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल 'चुसान' नावाच्या जहाजाने आणि तिथून परत रस्त्याने सिडनी. म्हणजे अर्ध्याहून जास्त रॅलीचं शेवटचं ठिकाण मुंबई होतं.

गाड्या मुंबईत कशा आल्या?

२४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली आणि मुंबई असा मार्ग होता. यातले दोन टप्पे सगळ्यांना घाम फोडणारे होते. एक तुर्कस्तानातला सिवास ते एर्झिंजान आणि दुसरा काबूलजवळचा लताबंद खिंडीतला. खडी, वळणं, दरी आणि उशीर झाला की दंड.

दंडाचं गणित सोपं होतं. दिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट उशीर म्हणजे एक गुण. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो विजेता.

दिल्लीहून निघालेल्या गाड्या आग्रा, इंदूर करत आग्रा रोडने महाराष्ट्रात उतरल्या. ज्या रस्त्यावर तेव्हा मुख्यतः ट्रक, एसटी, फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर दिसायच्या, तिथून पोर्श ९११, सिट्रोएन डीएस, लोटस कॉर्टिना आणि ऑस्ट्रेलियन व्ही-८ फोर्ड धावत गेल्या. यात एक भारतीय टीमही होती, डॉ. बोमसी वाडिया यांची लोटस कॉर्टिना.

९८ पैकी ७२ गाड्या मुंबईपर्यंत टिकल्या. ५ डिसेंबरच्या पहाटे त्यांना घेऊन चुसान जहाज निघालं. मुंबईत यादीत सगळ्यात वर होता ब्रिटनचा रॉजर क्लार्क.

खरी परीक्षा इंजिनाची

क्लार्कच्या लोटस कॉर्टिनात १५५८ सीसीचं ट्विन कॅम इंजिन होतं. म्हणजे व्हॉल्व उघडबंद करायला वर दोन कॅमशाफ्ट. इंजिन जास्त आरपीएमवर मोकळा श्वास घेतं, ताकदही जास्त देतं. पण असं इंजिन नाजूक असतं. त्याला देखभाल लागते, आणि रॅलीत देखभालीला वेळ नसतो.

ऑस्ट्रेलियात क्लार्कच्या इंजिनाने दगा दिला. त्याच्याच कंपनीच्या दुसऱ्या टीमने आपल्या गाडीचे पार्ट काढून त्याला दिले. गाडी परत पळाली, तर मागचा अ‍ॅक्सल गेला. तेव्हा क्लार्कच्या टीमला रस्त्याकडेला एका माणसाची कॉर्टिना उभी दिसली. त्यांनी त्याला गळ घातली आणि त्याच्या गाडीचा अ‍ॅक्सल विकत घेऊन आपल्या गाडीला बसवला. एवढं करूनही क्लार्क दहावा आला.

आता दुसरी गाडी बघा, पॅडी हॉपकर्कची ऑस्टिन १८००. हा तोच हॉपकर्क, ज्याने १९६४ मध्ये छोट्याशा मिनी कूपरने माँटे कार्लो रॅली जिंकली होती. ऑस्टिन १८०० दिसायला बोजड, घरगुती गाडी. तिच्यात होतं बीएमसी कंपनीचं १७९८ सीसीचं 'बी सिरीज' इंजिन. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, एकच कॅमशाफ्ट आणि तोही खाली, पुशरॉडने हलणारे व्हॉल्व. जुनी, साधी रचना.

हे वर्णन ओळखीचं वाटतंय? वाटणारच. कारण हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये १९५९ पासून याच बी सिरीजचं १४८९ सीसीचं इंजिन होतं. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, ऑस्टिनचं फक्त मोठं. अ‍ॅम्बेसेडरमध्ये ते उभं बसायचं आणि मागची चाकं फिरवायचं. ऑस्टिनमध्ये आडवं बसायचं आणि पुढची चाकं फिरवायचं.

त्यामुळे गल्लीतल्या गॅरेजमध्ये पान्याने खोलता येणारं अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन आणि जगातल्या सगळ्यात लांब रॅलींपैकी एकीत पहिल्या नंबरसाठी झुंजणारं इंजिन, ही एकाच भावकीतली होती.

शेवटच्या दिवशी काय झालं?

१७ डिसेंबर. सिडनी जवळ आलं होतं. क्लार्क मागे पडल्यावर पहिल्या नंबरवर होती बेल्जियमचा लुसियन बियांकी आणि फ्रान्सचा जाँ-क्लोद ओजिए यांची सिट्रोएन डीएस २१. शेवट काही तासांवर असताना समोरून आलेल्या एका मिनीशी तिची समोरासमोर धडक झाली. बियांकी गंभीर जखमी झाला.

मागून येत होता हॉपकर्क. रॅली मिनिटांवर चालते आणि तो जिंकण्याच्या जागेवर होता. तरी त्याने गाडी थांबवली. हॉपकर्क आणि त्याचा साथीदार टोनी नॅश यांनी पेट घेऊ लागलेल्या गाड्यांतून जखमींना बाहेर काढलं.

रॅली जिंकली अँड्र्यू कॉवनच्या हिलमन हंटरने. तिचं इंजिनही साधंच, १७२५ सीसीचं. याच हंटरवरून बनलेली 'पेकान' पुढे कित्येक दशकं इराणची घराघरातली गाडी होती. कॉवनचे गुण ५०, हॉपकर्कचे ५६. म्हणजे १६,००० किलोमीटरनंतर फरक सहा मिनिटांचा. एकूण ५६ गाड्या सिडनीला पोहोचल्या.

बियांकी या अपघातातून वाचला. पण मार्च १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ल मॉँ इथे सराव करताना झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला.

मग 'रॅलीतून आलेल्या' गाड्या म्हणजे कोणत्या?

१९६८ मध्ये शोरूमची गाडी घेऊन तिला रॅलीसाठी मजबूत केलं जायचं. नंतर गणित उलटं झालं. कंपन्या आधी रॅलीसाठी गाडी बनवू लागल्या आणि मग ती लोकांना विकू लागल्या. कारण होता 'होमोलोगेशन'चा नियम. रॅलीत उतरवायची असेल, तर तशा ठराविक संख्येने गाड्या बनवाव्याच लागायच्या. १९८२ पासूनच्या ग्रुप बी गटासाठी हा आकडा २०० होता, तर ग्रुप ए साठी ५,०००.

यातूनच सगळ्यांच्या आठवणीतल्या गाड्या आल्या. फेरारीचं व्ही-६ इंजिन असलेली लान्सिया स्ट्रॅटोस. पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी १९८० ची ऑडी क्वात्रो. १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं कंपन्यांचं जागतिक विजेतेपद मिळवणारी लान्सिया डेल्टा. घुमणाऱ्या आवाजाच्या बॉक्सर इंजिनाची सुबारू इम्प्रेझा आणि तिची कायमची स्पर्धक मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन.

ग्रुप बी मात्र फार काळ टिकला नाही. गाड्या इतक्या वेगवान झाल्या की १९८६ मध्ये ड्रायव्हर आणि प्रेक्षकांचे जीव गेले. त्यानंतर तो गट बंद झाला.

भारतातल्या रॅलींमध्ये हीच जागा घेतली मारुती जिप्सी, एस्टीम आणि नंतर मित्सुबिशी सीडियाने. इथेही नुसता टॉप स्पीड कामाला येत नाही. खड्डा, धूळ आणि चढ सोसून जे इंजिन दिवसाच्या शेवटी परत चालू होतं, तेच उपयोगाचं.

अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. तरी एखाद्या वाड्याच्या अंगणात, ताडपत्रीखाली जुनी अ‍ॅम्बेसेडर आजही दिसते. तिचं बॉनेट उघडून आत बी सिरीजचं इंजिन दिसलं, तर त्याच्याच घराण्यातल्या एका इंजिनाने लंडनहून मुंबई गाठली होती, एवढं लक्षात ठेवा. आणि पुढे तेच इंजिन सिडनीत सहा मिनिटांनी दुसरं आलं, तेही वाटेत कुणाचा तरी जीव वाचवायला थांबून.