व्यवसायोपचाराची उमेदवारी

इ. स. १९१८ च्या उन्हाळ्यांत फ्रान्समधील ला फोश या खेड्यांत, अमेरिकन सैन्याच्या ११७ क्रमांकाच्या इस्पितळांत, अमेरिकेहून आलेल्या कांहीं स्त्रिया कामावर रुजू झाल्या. त्या परिचारिका नव्हत्या, आणि सैन्यासाठीं राबूनहि त्यांना लष्करी हुद्दा नव्हता. तोफांच्या भडिमारानें ज्यांचे मज्जातंतु ढासळले होते अशा शिपायांना विणकाम, सुतारकाम यांसारख्या उद्योगांतून पुन्हां माणसांत आणणें, हें त्यांचें काम. या विद्येची पहिली संस्था न्यूयॉर्क राज्यांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथें १५ मार्च १९१७ रोजीं, म्हणजे जेमतेम वर्षापूर्वीं, स्थापन झाली होती.

त्यांचें शिक्षण घाईचें झालेलें. हस्तव्यवसाय येत होते. रोग्यांशीं गांठ मात्र फारशी पडलेली नव्हती. एकाची वाचा गेलेली, दुसऱ्याचे हात कांपत असलेले, तिसऱ्याचे पाय शाबूत असूनहि त्याला उभें राहतां येत नसे. साहित्यहि पुरेसें नव्हतें. तेव्हां टिनाचे रिकामे डबे आणि टाकाऊ फळ्या यांवरच भागवावें लागलें.

इ. स. १९२३ मध्यें अमेरिकेंतील व्यवसायोपचार संघटनेनें अभ्यासक्रमाची किमान मुदत बारा महिने ठरविली व त्यांतले तीन महिने इस्पितळांतील कामासाठीं राखले. १९३५ मध्यें तेथील वैद्यक संघटनेनें नवे नियम केले, तेव्हां या तीन महिन्यांचे नऊ झाले. पुस्तकेंहि वाढलीं, पण उमेदवारी तिप्पट झाली, ही गोष्ट अधिक महत्त्वाची.

ही उमेदवारी एकाच इस्पितळांत होत नसे. मनोरुग्णालयांत काम संपतांना कात्र्या व चाकू मोजून घ्यावयाचे, आणि काल टोपली विणण्यांत रमलेला रोगी आज ती भिरकावून देईल हें गृहीत धरूनच चालावयाचें. तेथें हात बसतो न बसतो तोंच क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांत बदली. तेथला न्याय अगदीं उलटा! मनोरुग्णाला कामाला लावण्यासाठीं आर्जवें करावयाचीं, तर क्षयी रोग्याला उत्साहाच्या भरांतून आवरावयाचें. कारण त्याला किती मिनिटें काम द्यावयाचें हें विद्यार्थिनीचा बेत ठरवीत नसून त्याचा ताप व नाडी ठरवी. सकाळीं पारा चढला कीं आठवड्याचा आराखडा रद्द. अशा वेळीं गोंधळून जाणाऱ्या मुलीला नालायक ठरविणें सोपें असतें. शहाणी पर्यवेक्षिका तसें करीत नाहीं. बेत कां फसला याचें टिपण ती तिच्याकडून लिहवून घेते आणि त्याच रोग्याकडे तिला पुन्हां पाठविते.

भारतांत ही विद्या रुजविली ती श्रीमती कमलाबाई निंबकर यांनीं. मूळच्या त्या अमेरिकन, माहेरचें नांव एलिझाबेथ लंडी, इ. स. १९३० मध्यें त्या येथें आल्या आणि निंबकरांच्या घरच्या झाल्या. पुढें अमेरिकेंत जाऊन त्यांनीं या विषयाचें रीतसर शिक्षण घेतलें, आणि १९५० मध्यें मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची शाळा काढली. आशियांतील ही पहिली शाळा मानली जाते.

शिक्षणाचा सांचा परका होता. कोटाच्या गुंड्या लावणें, कांट्यानें जेवणें, हीं तिकडच्या रोग्याचीं ध्येयें. येथें रोग्याला मांडी घालून बसतां यावें, बोटांनीं घांस घेतां यावा, बाईला पोळी लाटतां यावी. अमेरिकन पुस्तकांत हें कोठून असणार? तें रोग्याकडूनच शिकावयाचें.

१९५२ मध्यें व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ निघाला. त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. महासंघाच्या मानकांप्रमाणें आज प्रत्येक विद्यार्थ्याला निदान १००० तास प्रत्यक्ष कामांत काढावे लागतात. त्या तासांना वेळापत्रक असतें; रोग्यांना नसतें. परळ म्हणजे तर त्या काळचें गिरणगांव. कामगाराला खाडे परवडत नसत. मूठ अर्धीमुर्धी वळूं लागली कीं त्याला कामाची ओढ लागे. रात्रीं जागून व्यायामांचा तक्ता करून आणावा, तों सकाळीं ती खाट रिकामी असावी, आणि शेजारच्या खाटेवर रात्रींतून आलेला, नांवगांवहि ठाऊक नसलेला दुसराच कोणी वाट पाहत असावा, हें नवल नव्हतें.